आधी फॉर्मॅट, मग विचार

५ जानेवारीला कॉम्प्युटर सुरू करावा आणि पडद्यावर फर्मान यावं : ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करा. नाही केलं तर यंत्र जागचं हलणार नाही. निमूटपणे शुभेच्छा दिल्या की पुन्हा कामाला लागणार. १९९० साली भारतात सापडलेल्या ‘जोशी’ व्हायरसचा हा खाक्या होता. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधून तो शिरायचा आणि कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून यंत्र पुन्हा चालू केलं तरी मेमरीत ठाण मांडून बसायचा. जोशी आडनाव महाराष्ट्राबाहेरही भरपूर सापडतं, त्यामुळे पुणेकरांनी श्रेय घ्यायची घाई करू नये. त्याच्या चार वर्षं आधी लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी ‘ब्रेन’ लिहिला, त्यात तर स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. १९९२ मध्ये ६ मार्चला, म्हणजे चित्रकाराच्या जन्मदिवशी, डिस्क पुसणाऱ्या ‘मायकेलअँजेलो’ने जगभर घबराट उडवली. २६ एप्रिल १९९९ ला ‘चेर्नोबिल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सीआयएच व्हायरसने मदरबोर्डवरचा बायोसच खराब केला आणि कित्येक कॉम्प्युटर पुन्हा उठलेच नाहीत.

हे सगळे व्हायरस वाजतगाजत आले. आपल्याकडे घरोघरी कॉम्प्युटर आले तेही याच काळात आणि त्यापुढच्या दहा वर्षांत. एमएस-सीआयटीचा क्लास, इंजिनियरिंगला लागलेला मुलगा, हॉलच्या कोपऱ्यातलं चाकांचं टेबल. पूर्वी दूध नासलं की दृष्ट लागली म्हणत, तसं कॉम्प्युटर रुसला की व्हायरस आला म्हणायची सवय तेव्हा जडली, ती अजून सुटलेली नाही. इतक्या वर्षांत व्हायरस लिहिणाऱ्यांचा धंदा मात्र पार बदलला.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या आसपास एका जिन्याखाली दुरुस्तीचा गाळा आहे. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. मालकांनी नाव छापू नका असं बजावलंय, ‘गिऱ्हाइकं म्हणतील, आमच्या गोष्टी चव्हाट्यावर मांडल्या.’ गिऱ्हाइकं त्यांना दादा म्हणतात, आपणही तेच म्हणू. दिवाळीच्या आधी त्यांच्याकडे गर्दी होते, कारण घराची साफसफाई काढली की कोपऱ्यातल्या त्या डब्याचीही आठवण होते.

सिंहगड रस्त्यावरून एक निवृत्त शिक्षिका रिक्षात सीपीयू घालून आल्या. (कॅबिनेटला सीपीयू म्हणणं चूक आहे हे दादांना ठाऊक आहे. तेही सीपीयूच म्हणतात.)

‘दादा, व्हायरस आलाय. सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागतात.’

‘बटण दाबल्यावर काय काय होतं, काकू?’

‘काय होणार? मी चहा टाकते, पिते, कप विसळून येते. तेव्हा कुठे माऊस हलायला लागतो.’

दादांनी वायरी जोडल्या. मला वाटलं आता अँटिव्हायरस चालवतील. त्यांनी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं आणि टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर नऊ-दहा टक्क्यांवर आरामात. चार जीबी रॅमपैकी साडेतीन भरलेली. डिस्कचा रकाना मात्र लालभडक, शंभर टक्के. दादांनी त्याच्याच खालच्या आकड्यावर बोट ठेवलं : सेकंदाला जेमतेम दीड-दोन एमबी. डिस्क शंभर टक्के गुंतलेली आणि हाती येतंय एवढंसं. सगळं निदान या दोन आकड्यांच्या तफावतीत आहे.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते आणि तिच्यावर एक बारीक हात इकडून तिकडे सरकतो. सलग काही वाचायचं असेल तर ती सेकंदाला शंभर एमबीपर्यंत सहज देते. पण दहा ठिकाणची दहा बारीकसारीक कामं एकदम आली की दर वेळी हात हलवा, चकती फिरून यायची वाट पाहा. असं एका सेकंदात शंभरेक वेळा जमतं, त्यापुढे नाही. एसएसडीत हलणारा भागच नसतो. ती याच कामाला सेकंदाला हजारो वेळा पुरी पडते. विंडोज १० सुरू झाली की पाठोपाठ अपडेट, फाइलींची सूची, अँटिव्हायरसची तपासणी, फोटोंचा बॅकअप असे सगळे एकाच दारात गर्दी करतात. त्यात रॅम तोकडी, म्हणजे जे मेमरीत मावत नाही तेही डिस्कवर उतरवायचं आणि पुन्हा उचलायचं. यात व्हायरसचं काहीच नाही. चाळीस एमबीच्या डिस्कवर चालणाऱ्या प्रणालींच्या जमान्यातली यंत्ररचना आणि आजचं सॉफ्टवेअर यांची ही गाठ आहे.

मग दादांनी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, ते ती वाचून दाखवतं. निळ्याऐवजी पिवळा रंग आला. काही सेक्टर खराब होऊन त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरले गेले होते. दादांचा आवाज तिथे बदलला. ‘काकू, आधी सांगा, फोटो कुठे आहेत? दुसरीकडे कॉपी आहे का?’ नव्हती. म्हणून स्कॅन, सफाई, वेग हे सगळं बाजूला ठेवून पहिल्यांदा डेटा बाहेर काढला. मरायला टेकलेल्या डिस्कवर तासन्‌तास चालणारं स्कॅन लावणं म्हणजे तिला शेवटचा धक्का देणं. घरी ‘क्लीनर’ चालवून चालवून डिस्क घालवून बसलेले लोक दादांकडे दर आठवड्याला येतात.

कॉपी चालू असताना दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचं कॅबिनेट उघडलं. पंख्याच्या पात्यांवर धुळीची गोधडी, प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी. उष्णता बाहेर पडली नाही की प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग उतरवतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला कॉम्प्युटर हँग झाल्यासारखा वाटतो. ब्लोअर मारला, नवी पेस्ट लावली, रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने घासले. खोडरबराचा हा उपाय कुठल्या कंपनीच्या पुस्तकात नसेल, पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तपकीर गल्लीपर्यंत तो सगळ्यांना तोंडपाठ आहे. मदरबोर्डवरची रुपयाएवढी सीआर-२०३२ बॅटरीही बदलली. ती संपली की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की बँकेपासून रेल्वेपर्यंत प्रत्येक साइट ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ असं बजावू लागते. त्या गिऱ्हाइकानेही येताना व्हायरसच सांगितला होता.

काकूंचा मात्र एक पुरावा शिल्लक होता. ‘मग ते खाली उजवीकडे येतं ते काय? पाच व्हायरस सापडले, ताबडतोब काढा म्हणून?’ दादांनी क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन साइट सेटिंग आणि तिथून नोटिफिकेशनची यादी उघडली. कधीतरी कुठल्याशा पानावर ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असं आलं होतं आणि काकूंनी सज्जनपणे दाबलं होतं. त्या एका होकारावर ती साइट रोज दारात येऊन ओरडत होती. कॉम्प्युटरमध्ये काही शिरलेलंच नव्हतं. यादीतलं ते नाव काढलं आणि पाचही व्हायरस गेले. इशाऱ्यावर क्लिक केलं असतं तर कदाचित खरा शिरला असता, नाहीतर एखादा फोन नंबर आला असता. त्या नंबरावरचा गोड आवाज दूरनियंत्रणाचं अ‍ॅप उतरवायला लावतो आणि मग ‘दुरुस्ती’चे पैसे, नाहीतर थेट बँकेचं खातं. पूर्ण पडदा भरून सायरन वाजवणारी पानंही याच जातीची. घाबरून नंबर लावू नये, ब्राउझर बंद होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून संपवावा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा.

काकूंकडे अँटिव्हायरसही दोन निघाले, एक मुलाने टाकलेला आणि एक शेजाऱ्याने. प्रत्येक फाइल उघडताना दोघेही तपासणार, आणि एकमेकांवर संशयही घेणार. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आतच असतो. घरगुती वापराला तो पुरतो असं माझं मत आहे. वेगळा विकत घ्यायचा तर एकच घ्यावा, आणि क्रॅक केलेला अँटिव्हायरस तर कधीच घेऊ नये. कुलूपच चोराकडून आणण्याचा हा प्रकार आपल्याकडे इतका रुळलाय की त्यात कोणाला विनोद दिसत नाही.

नवी एसएसडी, आणखी चार जीबी रॅम, आणि काकूंचा कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात सुरू झाला.

एव्हाना दुसऱ्या कुठल्या दुकानात काय झालं असतं ते सांगायला नको. ‘फॉर्मॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा.’ हे वाक्य गेली पंचवीस वर्षं महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी ऐकू येतंय. निदान करायला तास लागतो आणि त्याचे पैसे मागता येत नाहीत. फॉर्मॅटला अक्कल लागत नाही आणि त्याचा दर ठरलेला आहे. शिवाय रिकाम्या डिस्कवर नवी विंडोज काही आठवडे पळतेच, त्यामुळे गिऱ्हाइक खूश. मूळ दुखणं डिस्कचं असेल तर सहा महिन्यांत तोच कॉम्प्युटर त्याच टेबलावर.

मराठी माणसाला फॉर्मॅट आणखी एका बाजूने महागात पडतो. युनिकोड सर्रास वापरात येण्याआधी आपण श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा सॉफ्टवेअरमध्ये टाइप करत होतो. त्या फाइलीत देवनागरी अक्षरं साठवलेलीच नसत. साठवलेले असत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे आकडे, आणि त्यांना देवनागरीचं रूप द्यायचा तो फॉन्ट. फॉर्मॅटमध्ये फॉन्ट गेला की उरतो कालवा. एका गृहस्थांनी आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत असा टाइप करून ठेवला होता. डेटा सगळा जपलाय, असं त्यांना दुकानात सांगितलं गेलं आणि ते खोटंही नव्हतं. घरी फाइल उघडली तर पणजोबांच्या जागी डॉलरची खूण, दोन चौकोन आणि उलटं प्रश्नचिन्ह. असं दिसलं तरी फाइल शाबूत असते हे त्यांना कोणी सांगितलं नाही, नाहीतर रात्रीची झोप तरी लागली असती. तोच फॉन्ट पुन्हा मिळाला की मजकूर परत दिसतो आणि युनिकोडमध्ये बदलून घेता येतो. पण ‘डेटा ठेवायचा का?’ या प्रश्नात फॉन्टचा फोल्डर येतो, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि उत्तर देणाऱ्यालाही.

फॉन्टचा विषय निघाला की डीटीपीवाल्यांचा निघतोच. दिवाळी अंकांसारखे अंक वर्षानुवर्षं पेनड्राइव्हवरून फिरले : लेखकाकडून टाइप करणाऱ्याकडे, तिथून मुद्रितशोधकाकडे, जाहिराती घेऊन पुन्हा डीटीपीत आणि शेवटी छापखान्यात. इतक्या हातांत फिरणारी वस्तू रोग पसरवणार नाही तर काय. २००८ च्या अखेरीस आलेल्या ‘कॉन्फिकर’ने पेनड्राइव्ह लावताच आपोआप चालणाऱ्या ऑटोरनचा पुरेपूर फायदा घेतला. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमध्येही पेनड्राइव्हचा ऑटोरन बंद करणारं अपडेट दिलं आणि तो मार्ग आखडला. मग शॉर्टकट व्हायरस आले. तो प्रकार दादांकडे त्या दिवशीही आला होता. पेनड्राइव्ह उघडला तर ‘जाहिराती’, ‘कथा’, ‘मुखपृष्ठ’ सगळे फोल्डर जागेवर, फक्त प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण. खरे फोल्डर लपवलेले असतात आणि त्याच नावाचे शॉर्टकट समोर मांडलेले. ‘कथा’वर दोनदा क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग कथाही उघडते, त्यामुळे संशय येत नाही. डीटीपीवाला मुलगा रडवेला झाला होता, कारण त्याच्या अँटिव्हायरसने शॉर्टकट उडवले आणि पेनड्राइव्ह रिकामा दिसू लागला. दादांनी कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून अ‍ॅट्रिब हा डॉसच्या काळातला हुकूम दिला, लपवलेपणाचे आणि सिस्टिमचे शिक्के सगळ्या फोल्डरांवरून काढायला सांगितले. एंटर दाबताच फोल्डर एकेक करून परत आले. मुलाने पहिल्यांदा काय केलं असेल? मुखपृष्ठ उघडून पाहिलं. दादा म्हणाले, ‘आता तुझ्या मशीनवर जा. पेनड्राइव्ह साफ केला, पण ज्याने घाण केली तो तिथेच बसलाय.’

याच शहरात, अशाच फ्लॉपींच्या तक्रारींतून एक कंपनी उभी राहिली. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, पुढे मंगळवार पेठेत स्वतःचं दुकान टाकलं आणि कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. दुरुस्त करून दिलेले कॉम्प्युटर व्हायरसमुळे परत येत. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटरचं शिक्षण घेत होते, त्यांनी ते व्हायरस काढणारे छोटे प्रोग्राम लिहिले. १९९५ मध्ये त्यांचा अँटिव्हायरस बाजारात आला, २००७ मध्ये कंपनीने ‘क्विक हील’ हेच नाव घेतलं आणि २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. दुरुस्तीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला काय दिसतं याला किती किंमत असते, ते इथे कळतं.

आज त्याच टेबलावर जे दिसत नाही, त्याचीच भीती जास्त आहे. दादांचा अनुभव असा की ज्या घरात खरोखर काही शिरलेलं असतं, तिथले लोक कॉम्प्युटर हळू झाल्याची तक्रार घेऊन येत नाहीत. ते येतात इन्स्टाग्राम दुसऱ्याच्या हाती गेलं म्हणून, ईमेलवरून भलत्यांना पत्रं गेली म्हणून. कॉम्प्युटर झकास पळत असतो. मुलाने गेमचा नाहीतर फोटोशॉपचा क्रॅक उतरवला, त्याबरोबर दिलेल्या सूचनेनुसार अँटिव्हायरस ‘पाच मिनिटं’ बंद केला, आणि त्या पाच मिनिटांत ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकी उचलून प्रोग्राम निघूनही गेला. लॉगिन केल्याची खूण कुकीत असते. ती ज्याच्या हाती गेली त्याला बऱ्याचदा पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही नाही. मागे काही उरलेलंच नसेल तर दुसऱ्या दिवशीचं स्कॅन काय शोधणार? क्रिप्टोचं खाणकाम करणारे चोर प्रोग्राम तेवढे प्रोसेसर तापवतात म्हणून पंख्याच्या आवाजावरून पकडले जातात. त्यांतलेही काही इतके चतुर की टास्क मॅनेजर उघडताच गप्प बसतात.

फाइलींना कुलूप घालून पैसे मागणाऱ्या खंडणीखोर प्रोग्रामांपैकी घरगुती माणसाला जास्त छळलं ते ‘स्टॉप’ किंवा ‘डेजाव्यू’ नावाच्या प्रोग्रामने. तोही क्रॅकच्या पोटातूनच यायचा. लग्नाचे फोटो, मुलांचे प्रकल्प, सगळ्या फाइलींच्या नावापुढे एक अनोळखी शेपूट आणि प्रत्येक फोल्डरात एक चिठ्ठी : ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे. दुकानातल्या सेलसारखी सवलत! ऑक्टोबर २०१९ मध्ये एम्सिसॉफ्ट या कंपनीने फुकट सोडवणारं साधन काढलं, त्याने १४८ प्रकारांतल्या बऱ्याच जणांच्या फाइली परत आल्या. त्यानंतरच्या प्रकारांत प्रत्येक यंत्राची किल्ली गुन्हेगाराच्या सर्व्हरवर तयार होऊ लागली. तशा फाइली आजही कुलूपबंद आहेत. दादांकडे तीन हार्ड डिस्क पाकिटात घालून ठेवल्यात, मालकांच्या सांगण्यावरून, कधी तोडगा निघालाच तर म्हणून.

दुरुस्तीच्या धंद्यातली एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. स्वस्तात ‘विंडोज टाकून’ देणाऱ्या दुकानांतून बहुतेक वेळा चोरटी विंडोज आणि ती खरी भासवणारा अ‍ॅक्टिव्हेटर टाकला जातो. तो चालावा म्हणून डिफेंडरला एखाद्या फोल्डरकडे कानाडोळा करायला सांगितलेलं असतं. गिऱ्हाइक व्हायरस काढायला पैसे देतं आणि बाहेर पडताना उघडं दार घेऊन जातं. दादांना विचारलं, तुम्हीही टाकत होता का? ‘सगळेच टाकायचे,’ म्हणाले. आता ते डिफेंडरच्या वगळलेल्या फोल्डरांची यादी सगळ्यांत आधी पाहतात.

खरोखर शिरकाव झाल्याची शंका असली तर ते वायफाय आधी तोडायला लावतात. पासवर्ड बदलायचे ते फोनवरून किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, त्याच यंत्रावर बसून मुळीच नाही. ईमेलचा पहिला, मग बँकेचा, आणि प्रत्येक ठिकाणी ‘सगळ्या उपकरणांवरून लॉग आऊट’ करायचं, म्हणजे चोरलेल्या बहुतेक कुकी निकामी होतात. त्यानंतर डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन. विंडोज पूर्ण उठण्याआधीच ते चालतं, त्यामुळे लपणाऱ्याला लपायला वाव कमी. सेफ मोडसाठी एफ-८ दाबत बसणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की विंडोज ८ पासून ती युक्ती सहसा चालत नाही, शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करावं लागतं. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं, तिथेही बॉट काढायची साधनं फुकट मिळतात. आणि पासवर्ड चोरणारं काही सापडलंच, तर मात्र दादाही फॉर्मॅट मारतात. फोटो आणि फॉन्ट वेगळे काढून, अस्सल विंडोज नव्याने टाकून.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. नाव नोंदवलेल्या घरगुती कॉम्प्युटरना सुरक्षा अपडेट वर्षभर जास्त देऊ केले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे एसएसडी टाकून पळायला लागलेली कितीतरी यंत्रं कागदोपत्री बाद ठरली. काकूंचंही त्यातच. दादा अशा गिऱ्हाइकांना एकच विचारतात, ‘यावर नेट लागतं का?’ बँक आणि ईमेल असेल तर नवा घ्या, नाहीतर लिनक्स मिंट टाकून देतो. जुने फॉन्ट आणि पेजमेकर जपून बसलेल्या डीटीपीवाल्यांच्या मशीनची नेटची वायर ते स्वतःच्या हाताने काढतात, आणि त्यांचा पेनड्राइव्ह आधी शेजारच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर तपासून मगच इकडे लावायला सांगतात. काकूंनी लिनक्स नको म्हटलं. त्यांना जानेवारीत मुलीकडून लॅपटॉप मिळणार आहे, तोवर त्या यावर फक्त फोटो बघणार आहेत आणि वीजबिल फोनवरून भरणार आहेत.